तबकडीचा सातबारा

महसूल खात्यात सदतीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करून नायब तहसीलदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या मनुष्याला उत्तरायुष्यात कोणतीही वस्तू सरळपणाने खरेदी करता येत नाही, हे सत्य मला ब्लू-रे प्लेअर घेताना जितक्या प्रकर्षाने उमगले, तितके ते राहते घर घेतानाही उमगले नव्हते. सर्वसामान्य गृहस्थ दुकानात जातो, वस्तू पाहतो, भाव विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि पिशवी हातात घेऊन घरी येतो. आम्ही मात्र आधी तिच्या चतुःसीमा तपासतो, मग तिच्यावर कोणाचा बोजा चढला आहे काय, मालकी कोणाची आणि वहिवाट कोणाची, याची रीतसर चौकशी करतो. आणि एवढे सोपस्कार पार पडेपर्यंत ती वस्तू बहुधा बाजारातून हद्दपार झालेली असते.

प्रकरणाची हकीकत अशी. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या उपदानाच्या रकमेतून मी चाळीस इंची टीव्ही घेतला होता. पुढल्या वर्षी, म्हणजे 2013 च्या दिवाळीत, आमचे जावईबापू न्यू जर्सीहून सुटीवर आले आणि त्या टीव्हीचा एकटेपणा न पाहवल्यामुळे त्यांनी एक ॲम्प्लिफायर व सहा स्पीकर असा सरंजाम आमच्या दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात आणून उतरवला. या सरंजामास होम थिएटर म्हणतात. त्याची संख्या ‘पाच पूर्णांक एक’ अशी सांगण्याचा प्रघात आहे. पाच बारके स्पीकर पूर्णांकात मोडतात. उरलेला दशांश एक म्हणजे चौरंगाएवढा काळा ठोकळा, ज्याचे ‘सबवूफर’ हे नामकरण थेट कुत्र्याच्या भुंकण्यावरून झालेले आहे. तो 120 हर्ट्झच्या खालचा खर्ज तेवढा काढतो, म्हणून त्याला पूर्ण आकड्याचा मान दिलेला नाही. कचेरीतही सर्वांत मोठा आवाज ज्याचा, तो हजेरीपटावर सहसा पूर्णांकात नसतो, हे मी अनुभवाने जाणून असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही.

आता दरबार सजला, परंतु सिंहासन रिकामे. स्पीकरांना बोलते करील असे यंत्र हवे, आणि ते दुहेरी हवे, असे जावईबापूंनी परतीच्या विमानात बसण्यापूर्वी बजावले. म्हणजे त्यात तबकडी घालण्याची खाच असावी आणि त्याचबरोबर इंटरनेटवरून थेट चित्रपट ओढून घेण्याची सोयही असावी. ही दुसरी सोय म्हणजे स्ट्रीमिंग. मी एक कोरी वही घेतली, पहिल्या पानावर विषय लिहिला आणि संबंधितांचे अभिप्राय मागवले.

पहिला अभिप्राय माझ्या मेहुण्यांचा. जगातील प्रत्येक उत्तम वस्तू अमेरिकेत मिळते आणि ती आणण्यासाठी कोणाच्या तरी बॅगेत जागा असतेच, या दोन गृहीतांवर त्यांचे अवघे अर्थशास्त्र उभे आहे. “भाऊजी, तिकडच्या प्लेअरच्या रिमोटवर नेटफ्लिक्सचं स्वतंत्र बटण असतं,” हे त्यांनी असे काही सांगितले, की जणू ते बटण दाबताच कल्पवृक्ष डोलू लागेल. बटण होते हे खरे. फक्त त्या सुमारास नेटफ्लिक्स भारतात नव्हते. ते आले 6 जानेवारी 2016 रोजी. त्याअगोदर ते बटण येथे दाबणे म्हणजे धरण बांधून होण्यापूर्वी कालव्याच्या दाराशी भांडे घेऊन बसण्यासारखे होते. शिवाय तिकडची वीज 120 व्होल्टची आणि आपली 230 ची. तेव्हा ते पाहुणे यंत्र आपल्या भिंतीशी पहिल्याच भेटीत गळामिठी घालून कैलासवासी होण्याची शक्यता मी वहीत तांबड्या शाईने नोंदवली.

दुसरा अभिप्राय शेजारच्या बिऱ्हाडातील संगणक अभियंत्याचा. तो म्हणाला, “काका, डिस्क कोण घेतं आता? सगळं क्लाउडमध्ये असतं.” ‘मेघावर’ ही कल्पना मला कालिदासामुळे अपरिचित नव्हती, तथापि तेथे मेघाकडे निरोप सोपवला होता, मालमत्ता नव्हे. ज्या मनुष्याने हयातभर ‘सर्व काही ढगावर अवलंबून आहे’ असे म्हणणाऱ्या गावांची आणेवारी काढली, त्याने आपले चित्रपट पुन्हा ढगाच्याच हवाली करावेत, हे मनाला पटेना.

तिसरा अभिप्राय गृहखात्याचा. तो एकाच वाक्याचा होता: “अहो, आधी ते वायरींचं जंजाळ उचला, मला केर काढायचाय.”

एवढ्या परस्परविरुद्ध अभिप्रायांनंतर मूळ कागदपत्रे स्वतःच पाहणे भाग होते. तबकडीचे शास्त्र मी जसजसे वाचू लागलो, तसतसा मला एक विलक्षण आनंद होऊ लागला, कारण ते शास्त्र शुद्ध मोजणीखात्याचे निघाले. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्यांचे क्षेत्र एकच: व्यास 12 सेंटिमीटर, जाडी 1.2 मिलिमीटर. फरक काय तो साखळीचा. आमची साखळी 33 फुटांची आणि तिच्या वर्गाचा एक गुंठा. या मंडळींची साखळी प्रकाशाची. सीडी वाचणारा किरण 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा 650 चा, तांबडा. आणि ब्लू-रेचा 405 चा. साखळी जितकी बारीक, तितके त्याच गुंठ्यात वाफे जास्त पडतात, हे कोणताही भूमापक झोपेत सांगेल. डीव्हीडीवर दोन सऱ्यांमधील अंतर 0.74 मायक्रोमीटर, ब्लू-रेवर 0.32, म्हणून एका थरात डीव्हीडी 4.7 गिगाबाइटांचे पीक देते, तर ब्लू-रे 25 गिगाबाइटांचे. जमिनीचे असे तुकडे पाडण्यास 1947 सालच्या तुकडेबंदी कायद्याने मज्जाव आहे. तबकडीला तो कायदा लागू नाही, आणि हे पाहून माझ्यातील निवृत्त अधिकाऱ्याला क्षणभर असूया वाटली.

या साखळीच्या निळाईबद्दलही दप्तरात थोडी गफलत आहे. 405 नॅनोमीटरचा प्रकाश खरे पाहता जांभळ्याकडे झुकलेला. पण नाव निळ्याचे. त्या नावातील इंग्रजी ‘ब्लू’ शब्दाचे शेवटचे ‘ई’ हे अक्षरही छाटून टाकलेले आहे; कारण रोजच्या वापरातल्या शब्दावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगणे कठीण जाते. सारांश, रंग एक, नाव दुसरे आणि त्या नावातही अक्षर कमी. असा सातबारा माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो तत्काळ दुरुस्तीसाठी परत पाठवला असता. परंतु निळा प्रकाश निर्माण करणे ही साधी गोष्ट नव्हे. तांबडे दिवे वर्षानुवर्षे लुकलुकत होते, निळा मात्र कोणालाच साधत नव्हता; तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचल्यावर मी माझा शेरा मागे घेतला.

जेथे जमीन आली तेथे भाऊबंदकी आलीच. 2006 साली ही तबकडी बाजारात आली, तीच एका सख्ख्या चुलतभावाला बरोबर घेऊन. त्याचे नाव एचडी डीव्हीडी. प्रकाश तोच, आकार तोच, फक्त थराला 25 ऐवजी 15 गिगाबाइट. एका बाजूस सोनी आदी मंडळी, दुसऱ्या बाजूस तोशिबा. हॉलिवूडचे स्टुडिओ आपापल्या सोयीने या वाड्यात किंवा त्या वाड्यात. अखेर 2008 च्या जानेवारीत वॉर्नरने आपले माप ब्लू-रेच्या पदरात टाकले आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. दोन वर्षांत निकाली निघालेली भाऊबंदकी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आमच्याकडे एवढ्या अवधीत समन्सही बजावून होत नाही.

एवढी पूर्वतयारी करून मी सपत्नीक शोरूममध्ये दाखल झालो. पुण्यात अशा वस्तूंसाठी तपकीर गल्लीत जावे असे जाणते लोक सांगतात. परंतु सौभाग्यवतींना वातानुकूलित जागेत बसून नकार द्यायला आवडत असल्यामुळे आम्ही मोठ्या दुकानाची निवड केली. आत पाऊल टाकताच समोरच्या बारा टीव्हींवर बारा मासे एकाच वेळी वळले. ही चित्रफीत सर्व शोरूमांत सारखीच असते: प्रवाळाचे बेट, निळेशार पाणी आणि आयुष्यात कोणत्याही गृहस्थाने आपल्या दिवाणखान्यात कधीही न पाहिलेले मासे. विक्रेता तरुण “पिक्चर क्वालिटी बघा, काकू” असे म्हणताच रत्नागिरीचे माहेर असलेल्या सौभाग्यवतींनी दोन क्षण त्या माशांकडे जाणकार नजरेने पाहिले आणि “दिसायला बरे आहेत, पण यात खाण्याजोगा एकही नाही,” असा निर्वाळा दिला.

मी माझी वही उघडली. पहिला प्रश्न वायफायचा. तरुण उत्साहाने म्हणाला, “सर, हे मॉडेल वायफाय रेडी आहे.” आता, जो मनुष्य सदतीस वर्षे ‘प्रस्ताव तयार आहे’ या वाक्याच्या सान्निध्यात जगला, त्याच्यासमोर ‘रेडी’ हा शब्द उच्चारताना जरा जपायला हवे होते. मी विचारले, “म्हणजे यात वायफाय आहे?” तो म्हणाला, “रेडी आहे, सर.” मी पुन्हा विचारले, “आहे, की नाही?” तेव्हा कुठे उलगडा झाला, की यंत्रात वायफाय नाही, मात्र बोटाएवढा एक डोंगल स्वतंत्र पैसे मोजून विकत घेतला आणि मागच्या भोकात खोचला, तर वायफायचे स्वागत करण्यास यंत्राची ना नाही. म्हणजे विवाहाला ‘रेडी’ असलेला मुलगा आणि विवाहित मुलगा यांत जो फरक, तोच येथे. आणि वधूचा खर्च वरपक्षाने वेगळा करावयाचा. मी वहीत लिहिले: ‘रेडी, म्हणजे उपवर.’ शेजारचे मॉडेल ‘वायफाय बिल्ट-इन’ होते. ते संसारी असल्यामुळे दीड हजार रुपयांनी महाग होते. आम्ही ते पसंत केले.

दुसरा प्रश्न वायरीचा. साडेनऊ हजारांच्या यंत्राला टीव्हीशी जोडणारी एचडीएमआय केबल खोक्यात नसते, ही गोष्ट विक्रेत्याने अत्यंत सहजपणे सांगितली, जणू जावयाला पाटावर बसवून ताट स्वतःचे आणायला सांगण्याची रीतच आहे. मग त्याने एका काचेच्या कपाटातून सोन्याचा मुलामा दिलेली केबल काढली, किंमत अडीच हजार. “गोल्ड प्लेटेड, सर. पिक्चरमध्ये फरक पडतो.” येथे मात्र माझे वाचन कामास आले. या तारेतून चित्र जाते ते शून्य आणि एक या आकड्यांच्या रूपाने. दीड-दोन मीटरच्या अंतरात ते आकडे पोहोचले तर पूर्ण पोहोचतात, अडखळले तर चित्रात ठिणग्या उडतात किंवा पडदा काळा होतो. सोन्याच्या तारेतून गेलेला शून्य तांब्याच्या तारेतून गेलेल्या शून्याहून अधिक गोल नसतो. मनिऑर्डर आणणारा पोस्टमन रेशमी सदरा घालून आला म्हणून रक्कम वाढत नाही, हा दृष्टांत मी त्या तरुणास दिला. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि तीनशे रुपयांची केबल पुढे केली. सौभाग्यवतींनी त्या सोनेरी टोकाकडे पाहून एवढेच विचारले, “याची घट किती धरतात?”

यंत्र घरी आले. यथावकाश स्पीकरांची प्रतिष्ठापना झाली: पुढचे तीन टीव्हीच्या आसपास, मागचा डावा फ्रिजच्या डोक्यावर, मागचा उजवा देव्हाऱ्याच्या शेजारी, आणि ते श्वानोद्भव धूड दिवाणाखाली. पहिल्या स्फोटाला स्वयंपाकघरातील मांडणीवरचे स्टीलचे डबे उतरत्या भांजणीने एकामागून एक वाजले आणि साखरेच्या डब्याचे झाकण गळून पडले. त्यानंतर त्या दशांश एकाची तार काढून ठेवण्याचा तोंडी हुकूम सुटला, तो आजतागायत अमलात आहे. आमचे होम थिएटर तेव्हापासून पूर्णांकातच चालते.

पुढची पायरी यंत्राला इंटरनेटशी जोडण्याची. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा एक तक्ता उमटला आणि वायफायचा पासवर्ड भरा, असा आदेश झाला. हा पासवर्ड शेजारच्या अभियंत्याने सुरक्षिततेच्या दृष्टीने सोळा अक्षरांचा ठेवलेला होता, त्यांत मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक आणि एक डॉलरचे चिन्ह. रिमोटच्या चार बाणांनी एकेका अक्षरापर्यंत चालत जायचे, मधले बटण दाबायचे, पुन्हा चालायचे. मिनिटाला चाळीस शब्दांची इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो होतो. येथे माझा वेग मिनिटाला तीन अक्षरांवर आला. चौदाव्या अक्षराला बाण एक घर पुढे गेला, ते खोडायला गेलो तर ‘मागे’ नावाचे बटण दाबले गेले, आणि यंत्राने एक अक्षर मागे न जाता संपूर्ण तक्ताच मिटवून मला प्रारंभस्थळी आणून सोडले. मोक्षपट सापशिडीचा खेळ हिंदुस्थानात का जन्मला, याचा अर्थ त्या रात्री लागला.

जोडणी झाली, आणि मग पाण्याचा प्रश्न उभा राहिला. तबकडी ही आपल्या आवारातील विहीर. दोर टाकला की पाणी. स्ट्रीमिंग म्हणजे पाटाचे पाणी. वरच्या कालव्यातून येईल तेव्हा येईल, आणि मधल्या गावांनी किती उपसले यावर आपला वाटा ठरेल. तबकडीवरून चित्राचा ओघ सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. आमच्या घरची जोडणी होती 2 मेगाबिटची, तीही महिन्याची मर्यादा संपेपर्यंत. मर्यादा ओलांडली, की ती 256 किलोबिटवर उतरे. आणि ही जोडणी पुरवणाऱ्या कंपनीकडे मी तक्रार गुदरली, तेव्हा तिने तत्परतेने कळवले, की हेही ब्रॉडबँडच होय. एके काळी ते खोटे नव्हते. 2004 च्या केंद्रीय धोरणाने 256 किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्याची मुभा दिलेली होती; ज्या नळाखाली घागर भरायला सकाळची संध्याकाळ होते, त्याला सरकारदप्तरी ‘रुंद’ म्हटलेले पाहून मला स्वगृही परतल्यासारखे वाटले. पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरू लागे, नायकाचे उघडलेले तोंड उघडेच राही, आणि तेवढ्या अवधीत सौभाग्यवती कुकर लावून येत.

याच सुमारास जावईबापूंनी तिकडून एक ब्लू-रे तबकडी पाठवली. मी ती नारळ न फोडता, परंतु हात धुऊन, खाचेत सरकवली. यंत्राने ती आत घेतली, दीर्घकाळ चघळली आणि पडद्यावर लिहिले, की ही तबकडी या विभागात चालणार नाही. चौकशीअंती कळले, की ब्लू-रेच्या राज्यकर्त्यांनी पृथ्वीचे तीन सुभे पाडले आहेत. पहिल्यात दोन्ही अमेरिका आणि जपान, दुसऱ्यात युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया, तिसऱ्यात आपण. ज्या स्टुडिओला वाटेल तो आपल्या तबकडीस सुभ्याचे कुलूप घालतो. माझे यंत्र तिसऱ्या सुभ्याचे, तबकडी पहिल्या सुभ्याची. अधिकारक्षेत्राबाहेरील प्रकरण म्हणून अर्ज फेटाळण्यात आला. यात यंत्राला मी दोष देत नाही, मीही शेकडो अर्ज याच शेऱ्यानिशी परत केले आहेत. मात्र या तिसऱ्या सुभ्याची यादी वाचून मी थक्क झालो: भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अफगाणिस्तान, नेपाळ! एवढ्या मंडळींना एका पंक्तीत बसवणे भल्याभल्या मुत्सद्द्यांना साधले नाही, ते तबकडी विकणाऱ्यांनी एका अक्षराने साधले.

यंत्राच्या इंटरनेट-भागाबद्दल आता मुद्द्याचे सांगतो. घेतले तेव्हा त्याच्या पहिल्या पडद्यावर नऊ चौकटी होत्या: एक चित्रफितींची, एक छायाचित्रांची, एक हवामानाची, एक बातम्यांची, अशा. त्यांची देखभाल फर्मवेअर नावाच्या व्यवस्थेकडे असे. ‘फर्मवेअर’ आणि ‘फर्मान’ या शब्दांत व्युत्पत्तीचे नाते नसेल, स्वभावाचे आहे. ते मध्यरात्री सुटते, त्याला नकार देता येत नाही, आणि त्याची अंमलबजावणी चालू असताना वीज बंद करू नये, अशी तंबी पडद्यावर झळकते. गुरुवारी सकाळी वीज जाण्याची आमच्याकडे परंपरा असल्यामुळे बुधवारी रात्री सुटलेले एक फर्मान संपेपर्यंत मी यंत्राशेजारी जागलो आहे. परंतु अशा प्रत्येक फर्मानानंतर यंत्र सुधारत गेले म्हणावे, तर तसे नव्हे. एकेक चौकट विझत गेली. प्रथम छायाचित्रांची गेली, मग बातम्यांची. एके दिवशी चित्रफितींच्या चौकटीवर बोट ठेवताच ‘ही सेवा या यंत्रावर यापुढे उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. हवामानाची चौकट सर्वांत चिवट निघाली. ती टिकली, परंतु कोणत्या अंतःप्रेरणेने कोण जाणे, पुण्याऐवजी सोलचे हवामान दाखवू लागली. दोन हिवाळे आम्ही बसल्या जागी कोरियातील बर्फाची काळजी केली.

येथे माझ्यातील महसुली आत्मा जागा झाला. हे प्रकरण यंत्र बिघडल्याचे नव्हतेच, हक्कनोंदीचे होते. तबकडी विकत घेणारा खातेदार असतो, स्ट्रीमिंग पाहणारा कूळ असते, आणि तेही बिनपावतीचे. आमच्याकडे 1948 चा कूळकायदा झाला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, आणि जमीन कसणारे कूळ त्या दिवशी मालक मानले गेले. या न्यायाने दहा-दहा वर्षे दरमहा वर्गणी भरून, डोळे सुजेपर्यंत चित्रपट कसणाऱ्या प्रेक्षकास निदान एका चित्रपटाचा तरी फेरफार मिळावयास हवा. मिळत नाही. जमीनदाराचा स्टुडिओशी असलेला करार संपला, की काल पाहिलेला चित्रपट आज यादीतून नाहीसा होतो, आणि कुळाला साधी नोटीसही बजावली जात नाही. शेजारच्या अभियंत्याला मी हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, “काका, गेला तर गेला, दुसरा बघायचा.” तो अजून भाड्याच्या घरात राहतो.

दस्तऐवज आपल्या ताब्यात असण्याचे मोल या देशात तरी सांगायला नको. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरले; आणि तीही मूळचीच, की 1917 मध्ये फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली तिच्यातली, यावर जाणकारांत वाद आहे. राजाने दिलेल्या शब्दाखातर राज्य सोडले, एवढे आपल्या चित्रपटाला आरंभीच दाखवता आले. पण त्याच्या चित्रपटाचा उतारा मात्र आपल्याला जपता आला नाही.

तथापि खातेदाराचाही काळ काही फार बरा नाही. 2018 च्या एप्रिलमध्ये ऑपो या नामांकित निर्मात्याने अशी यंत्रे काढणे थांबवले. पुढल्याच वर्षी सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारात नवी ब्लू-रे यंत्रे न आणण्याचे ठरवले. आणि ज्या नेटफ्लिक्सने 1998 पासून टपालाने तबकड्या पाठवून आपला जम बसवला, त्यानेही सप्टेंबर 2023 मध्ये तो टपालखाना बंद केला. या सगळ्या बातम्या मी त्याच यंत्राच्या शेजारी बसून वर्तमानपत्रात वाचल्या आणि दर वेळी त्याच्यावरची धूळ पुसली.

एवढ्या वर्षांत माझ्या खाचेत तबकड्या गेल्या तरी किती, असा प्रश्न कोणी विचारील. ब्लू-रे म्हणाल, तर अकरा; हजाराच्या आसपास मोजून घेतलेल्या. पण सर्वांत जास्त वेळा गेली ती ब्लू-रे नव्हे, तर साधी डीव्हीडी: 2006 साली झालेल्या आमच्या कन्येच्या विवाहाची. आणि या प्रकरणाचा अंतिम निकाल तिनेच लावला.

झाले असे, की गेल्या वर्षी मेहुण्यांच्या मुलीचा विवाह ठरला आणि आमच्या घरी आहेराची चर्चा निघाली. आहेराचे शास्त्र परतफेडीवर उभे असते. त्यांनी आमच्या मुलीला काय दिले होते, हा मुद्दा उपस्थित होताच मी सांगितले, की जर्मन सिल्व्हरचे तबक. सौभाग्यवती म्हणाल्या, चांदीचे. मी म्हणालो, मी स्वतः समोर होतो. त्या काही न बोलता उठल्या, कपाटातून तबकडी काढली आणि खाचेत घातली.

आता, हे यंत्र जुनी डीव्हीडी नव्या टीव्हीवर दाखवताना तिचा दर्जा उंचावते, अशी त्याची ख्याती आहे. त्याचा अर्थ असा, की डीव्हीडीच्या चित्रात आडवे 720 व उभे 576, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके असतात, आणि पडद्याला लागतात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाख चौऱ्याहत्तर हजार. मधले सारे ठिपके यंत्र शेजारपाजार पाहून अंदाजाने भरते. आम्ही बांधावर उभे राहून पिकाची आणेवारी ठरवत असू, तशीच ही रंगांची नजरआणेवारी. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, पाहुण्यांची रांग आली, आणि मेहुणे व्यासपीठावर चढताच सौभाग्यवतींनी चित्र थांबवले. त्यांच्या हातात तांबड्या मखमलीची पेटी होती, आणि झाकणावर सराफाच्या नावाची सोनेरी अक्षरे अर्धवट वाचता येत होती.

मी कायदेशीर हरकत घेतली. “या चित्रातल्या पाच ठिपक्यांपैकी चार यंत्राने अंदाजाने भरलेले आहेत,” मी म्हणालो. “हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही.”

“मग उरलेल्या एका ठिपक्यात तरी पेटी सराफाचीच आहे ना?” त्या म्हणाल्या. “जर्मन सिल्व्हर मखमलीच्या पेटीत कोण देतं हो?”

या युक्तिवादावर विचार करण्यास मी मुदत मागणार, तोच त्यांनी चित्र एक घर पुढे सरकवले. पेटी देणाऱ्या मेहुण्यांच्या मागे, व्यासपीठाच्या कडेला, लाल खुर्चीवर वधूपिता बसलेले होते. फेटा डाव्या कानावर उतरला होता, उपरणे मांडीवर होते, मान मागे कलली होती आणि तोंड उघडे होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार घटनास्थळी हजर होता, मात्र शुद्धीवर नव्हता. सौभाग्यवतींनी यंत्राचे विस्तारण्याचे बटण दाबले. चित्र दुप्पट झाले, आणि यंत्राने आपल्या सर्व अंदाजांनिशी माझ्या उघड्या तोंडात आणखी काही हजार ठिपके भरले.

मेहुण्यांच्या मुलीला चांदीचे तबक गेले. भाव मी सांगत नाही. 2006 च्या भावात आणि आजच्या भावात जो फरक आहे, तो सराफाने काढून दाखवला तेव्हा मी पुन्हा एकदा मान मागे टाकली होती. ती तबकडी आता सौभाग्यवतींच्या दागिन्यांच्या कपाटात असते. मला हवी असल्यास कारण सांगून मागावी लागते आणि पाहून झाल्यावर समक्ष परत करावी लागते. यंत्राच्या सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात त्यांचे नाव लागले आहे. माझे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात आहे, तेही पेन्सिलीने.